डावा कौल

रोशनचा फोन आला तेव्हा मी माजिवड्याच्या टर्फवर मुलींच्या टीमला थ्रो-इन शिकवत होतो. रोशन माझा धाकटा चुलतभाऊ, फोनवर कधी दोन वाक्यं धड बोलत नाही. म्हणाला, "दादा, आत्या गेली." मी विचारलं, "कुठं?" तो नुसता "दादा, दादा" करत राहिला. मग मीच पुढे विचारलं, "आज कुणाचं लगीन आहे?" ... आता यात माझी तरी काय चूक? हिराआत्या आयुष्यभर कुठे ना कुठे जातच असायची. आमच्या आगरी लग्नांत भटजीइतकाच मान धवलारणीला असतो. हळदीपासून पाठवणीपर्यंत धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाऊन लग्न पुढे नेणारी ती बाई. डोंबिवली-कल्याणकडच्या गावांत हिराआत्याचं नाव होतं, त्यामुळे लग्नसराईत ती घरात सापडायची नाही. "आत्या गेली" याचा आमच्या घरात एवढाच अर्थ होता, की दारात रिक्षा आली आणि आत्या नऊवारीचा काष्टा नीट करून पिशवी घेऊन निघाली. दुसरा अर्थ मला समजावून सांगणं बिचाऱ्या रोशनला जमेना. शेवटी फोन त्याच्या बायकोनं घेतला. दुपारी कालवण-भात जेवून आत्या जरा आडवी झाली होती, ती उठलीच नाही.

त्याला आता महिना उलटून गेला. माणसं अजून भेटायला येतात, तिच्या गळ्याबद्दल बोलतात, तिनं कुणाकुणाची लग्नं लावली ते सांगतात. मी ऐकतो. पण माझ्या डोळ्यांपुढे राहून राहून येतो तो काही वर्षांपूर्वीचा हिवाळा, जेव्हा मी, आत्या आणि माझा मित्र मिलिंद असे तिघे मिळून माझ्यासाठी एक देश शोधत होतो. अशा दुःखाच्या दिवसांत असलं काही आठवून अंगात उत्साह यावा हे बरं दिसत नाही. पण येतो, त्याला मी काय करू...

मी फुटबॉलर. डाव्या पायाचा, डावीकडचा बचावपटू. सोळा वर्षं खेळून पोट भरलं, पण पेपरात नाव फार तर खालच्या ओळीत आलं. मुंबईत एका बँकेच्या टीमकडून सुरुवात केली, मग गोवा, कोलकाता, परत मुंबई. डावीकडच्या बचावपटूचं आयुष्य कडेनं जातं. मैदानाची चुन्याची रेघ, झेंडेवाला लाइन्समन आणि बाजूला उभे असलेले चार रिकामटेकडे, हेच त्याचं जग. माझ्या जगात चौथी गोष्ट होती, ती म्हणजे आत्याची खुर्ची. लाल प्लास्टिकची खुर्ची. माझी मॅच ठाणे-डोंबिवलीच्या आसपास असली आणि त्या दिवशी लग्न नसलं, की आत्या हजर. खुर्ची मांडायची ती बरोबर माझ्या बाजूच्या रेघेला. मध्यंतरानंतर टीम बाजू बदलतात, तेव्हा माझी डावी बाजू मैदानाच्या पलीकडच्या कडेला जाते. मग आत्या उठायची, खुर्ची डोक्यावर घ्यायची आणि अख्खं मैदान आडवं चालत पलीकडे जाऊन बसायची. रेफ्री शिट्टी तोंडात धरून थांबलेले मी पाहिलेत. एकानं तिला हटकलं होतं, त्यावर ती एवढंच म्हणाली की माझा पोर तिकडं गेला तर मी इकडं बसून काय कुणाची पाठ बघू. खेळाचे नियम तिला कधी कळले नाहीत. मी चेंडू घेऊन फार पुढे गेलो की तिचा जीव वरखाली व्हायचा आणि चार वाड्यांना ऐकू जाणाऱ्या त्या गळ्यातून एकच आरोळी यायची, "मागारी ये रं." माझ्या कोचचंही म्हणणं तेच असायचं, हा भाग वेगळा.

ती "मागारी ये" का ओरडायची हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नसे. आत्याचे यजमान लग्नानंतर दोन-तीन वर्षांत आखातात वेल्डिंगच्या कामाला गेले आणि परत आलेच नाहीत. काही वाईट झालं म्हणावं तर तसंही नाही. तिकडे दुसरा संसार थाटल्याचं कुणाकुणाच्या तोंडून कळलं, मग तेही कळायचं थांबलं. आत्या माहेरी आली ती आमच्याच घरी. माझी आई लवकर गेली, तेव्हा मला वाढवलं तिनंच. आमच्या घरात "परदेश" हा शब्द कुणी उच्चारत नसे. आत्या "लांब" म्हणायची. तो लांब गेला. अमक्याचा पोरगा लांब नोकरीला लागला. कल्याणहून नागपूरला गेलेला माणूस तिच्या लेखी लांब नव्हता. लांब म्हणजे जिथून माणूस परत येत नाही ते.

आणि मला तर आयुष्यात एकदा तरी परदेशात खेळायचं होतं. लहानपणापासूनचं वेड ते. वय चौतीस झालं, गुडघा रोज सकाळी कुरकुरायला लागला आणि मुंबईच्या क्लबनं करार वाढवायला नकार दिला, तेव्हा मिलिंद म्हणाला, "आत्ता नाय तर कधीच नाय. एक सीझन आहे तुझ्या पायात, फार तर दीड." मिलिंद आमचा जुना गोलकीपर. डोंबिवलीच्या चाळीत वाढला, बोटं मोडून घेतली, खेळ सुटला आणि आता माजिवड्याला एका जिमच्या वर टेबल टाकून खेळाडूंचा एजंट झाला होता. तोंडाचा फटकळ, पण कामाला वाघ. त्यानं महिनाभर ईमेल आणि व्हिडिओ पाठवून तीन ठिकाणांहून होकार आणले, मालदीव, भूतान आणि आइसलँड. मला तर आनंदानं जेवण जाईना. बायकोला सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, माझी काही हरकत नाही, पण आत्यांना तुम्ही सांगा.

सांगितलं मिलिंदनं. अंगणात, आत्या निवडायला मेथी घेऊन बसली होती तेव्हा. तिनं ऐकून घेतलं आणि रडारड नाही, आदळआपट नाही, सरळ विचारलं, "तीन स्थलं आलीत म्हंतोस. फोटो हायेत?" ... मिलिंद माझ्याकडे बघायला लागला. आत्याच्या डोक्यात ते तसंच बसलं होतं. पोरगा उजवायचाय, तीन घरांतून मागणी आलीय, मध्यस्थ दारात बसलाय, मग घर नीट बघूनच होकार द्यायचा. तिनं शेकड्यांनी लग्नं लावलेली, तिला दुसरा हिशेब येतच नव्हता. आणि खरं सांगतो, आम्ही दोघे जे आकडे आणि क्लबांच्या तक्त्यातल्या जागा बघत बसलो होतो, त्यापेक्षा तिची चौकशी कितीतरी नीट होती.

पुढचे पंधरा-वीस दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. रोज संध्याकाळी मिलिंद ठाण्याहून बाइकवर यायचा, चहा व्हायचा आणि स्थळांची बैठक बसायची. आत्या विचारायची, पाणी कसलं आहे. मासळी मिळते का. म्हातारी माणसं आहेत का त्या गावात, की सगळी नुसती पोरंच. तुला खेळायला नेतायत की खेळणाऱ्यांना पाणी द्यायला. हा शेवटचा प्रश्न तिनं मालदीवबद्दल विचारला आणि मिलिंद चपापला. कारण मालदीवच्या क्लबचं पत्र गोडगोड होतं, पैसे सर्वांत बरे होते, पण त्यांच्याकडे डावीकडे एक तरुण खेळाडू आधीच होता. मला त्याच्या मागे बसायचं होतं, "अनुभव द्यायला". मिलिंदनं ते आम्हाला सांगितलं नव्हतं. आत्यानं ते त्याच्या तोंडावरून ओळखलं. लग्नाच्या बैठकीत मध्यस्थ काय गाळतो हे तिला बरोबर कळायचं.

भूतान मीच नाकारलं. तिथे जायला आपल्याला व्हिसा लागत नाही, मतदार ओळखपत्रही चालतं असं मिलिंदनं सांगितलं आणि माझा सगळा उत्साहच मावळला. ज्या देशात मतदार ओळखपत्रावर शिरता येतं तो कसला परदेश? डोंगर सुंदर, माणसं सुंदर, सगळं मान्य, पण माझ्या पासपोर्टावर एक शिक्का तरी उठायला हवा होता. मिलिंद वैतागून म्हणाला, "अरे शिक्क्यासाठी खेळतोयस काय तू?" मी म्हटलं, "हो." आत्या हसली. त्या सगळ्या दिवसांत ती पहिल्यांदा हसली होती.

राहिलं आइसलँड. तिथलं एक छोटं मासेमारीचं गाव, खालच्या फळीतला क्लब. अर्धा दिवस माशांच्या कारखान्यात काम, उरलेला वेळ फुटबॉल, राहायला खोली, आणि प्रत्येक मॅचला डावीकडे मी. उन्हाळ्यात तिथे धड अंधारच पडत नाही. मिलिंदनं फोटो दाखवायला सुरुवात केली तसा माझा श्वास फुलायला लागला. काळे डोंगर, समुद्राला लागून हिरवंगार मैदान, गोलपोस्टमागे मासेमारीच्या होड्या... मी लहान पोरासारखा पुढचा, पुढचा करत होतो. आत्या चष्मा लावून बघत होती. एका फोटोवर तिनं मिलिंदचा हात धरला. लाकडी दांड्यांवर ओळीनं मासे सुकत घातलेले होते, खाडीकडच्या गावांत बांबूंवर बोंबील घालतात तसेच. आत्या बराच वेळ तो फोटो बघत राहिली. मग म्हणाली, "यांचीपन मानसं आपलीच दिसतात." त्यावर मी सुटलोच. मी तिला त्या गावाची लोकसंख्या, वारा, जहाजं, काय काय सांगत सुटलो, आणि अखेर तिनं विचारलं, हे किती लांब आहे. मिलिंदनं भोळेपणानं फोनवर पृथ्वीचा गोळा काढला, डोंबिवलीवर बोट ठेवलं आणि सरकवत सरकवत पार वरच्या टोकाला नेलं. आत्यानं मेथीची परात उचलली आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं निर्णय सांगितला. देवीला कौल लावायचा. देवी देईल तो कौल तिलाही मान्य आणि मलाही मान्य. मी हो म्हटलं. नाही म्हणायची सोयच नव्हती. जिनं वाढवलं तिच्या मनाविरुद्ध जाऊन समुद्रापलीकडे खेळण्यात काय मजा होती? पण चौतीस वर्षांच्या माणसाचं सगळं स्वप्न झेंडूच्या दोन पाकळ्यांवर येऊन ठेपलं होतं. मिलिंद जातानाच माझ्या कानात पुटपुटला, "कोर्टात आपली बाजू नीट मांडली नाय आपण."

आमचं गाव आता नावालाच गाव आहे. शेतं गेली, टॉवर आले, मिठागरांच्या आठवणी सांगणारे दोन म्हातारे उरले. पण गावदेवीचं देऊळ आहे तिथेच आहे, दोन टॉवरांच्या मधे अंग चोरून. मंगळवारी सकाळी आम्ही तिघे गेलो. भगतानं पाकळ्या ओल्या करून देवीच्या दोन्ही खांद्यांना लावल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. प्रश्न आत्यानंच देवीपुढे बसून विचारला. लग्नात घुमणारा तो आवाज इतका खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता. "आई, याला लांब धाडू का," एवढंच ती म्हणाली. आम्ही बघत राहिलो. पाकळ्या हलेनात. बाहेर कुणीतरी स्कूटर चालू केली, बंद केली. आणि देवीच्या डाव्या खांद्यावरची पाकळी सुटून तिच्या पायाशी पडली.

मी मान खाली घातली. मग चेहरा आत्याला दिसू नये म्हणून मी घंटेकडे बघायला लागलो. मिलिंद मात्र गोलकीपर, तो शेवटच्या क्षणापर्यंत उडी मारायचं सोडत नाही. म्हणाला, "आत्या, एक मिनिट. आपण देवीसमोर उभे आहोत. देवीचं डावं ते आपलं उजवं ना?" भगतानं त्याच्याकडे असं बघितलं की दुसरा कुणी असता तर पळून गेला असता. आत्यानं शांतपणे सांगितलं, डावा म्हणजे देवीचाच डावा, पहिल्यापासून तसंच मोजतात, त्यात खोट काढायची नाही. झालं. तिला हवं होतं ते मिळालं होतं, तेही देवीच्या हातून, माझा रुसवा न घेता. आता तिनं फक्त नमस्कार करून घरी चालायला लागायचं होतं.

पण ती उठेना. पडलेल्या पाकळीकडे बघत बसून राहिली. मग तिनं माझ्या पायांकडे बघितलं. मी अनवाणी उभा होतो. माझी एक सवय आहे, मन थाऱ्यावर नसलं की डाव्या पायाच्या चवड्याखाली काहीतरी घोळवत राहतो. तेव्हा नारळाच्या शेंडीचा एक तुकडा घोळवत होतो. आत्या हात टेकून उठली. पाकळी उचलून तिनं माझ्या हातावर ठेवली आणि भगताला म्हणाली, "डावा परलाय ना? मंग बरोबर हाय. माजा पोर डाव्या पायाचा. देवीला काय ठाव नाय?"

भगत म्हणे, असा कौल कुणी वाचल्याचं मी ऐकलं नाही. आत्या म्हणाली, इतकी वर्षं तुझ्याकडं उजव्या पायाचेच आले असतील. आणि पदर खोचून बाहेर पडली. मिलिंदनं देवळातच मला मिठी मारली, मी हसत होतो आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्या सकाळी मला जितका आनंद झाला तितका कुठल्याही गोलनं दिलेला नाही. बाहेर आत्या चप्पल शोधत होती. मी तिला विचारलंच, की तुला तर मी जायला नको होतो ना. ती म्हणाली, "शंभर पोरींची पाठवनी केली मी. सगल्या रडतात. मी गाते. मी रडले तर लगीन कोन पुरं करील?"

पुढचं सगळं धावपळीचं. एप्रिलमध्ये निघताना तिनं मला उंबरा डाव्या पायानं ओलांडायला लावला. गावातल्या बायकांनी तोंडावर हात ठेवले. तिकडे गेलो आणि वारा म्हणजे काय ते कळलं. कॉर्नर मारायला चेंडू ठेवावा तर तो आपणहून चालायला लागायचा. आमचा गोलकीपर वीजतंत्री, कप्तान शाळेत शिक्षक. कारखान्यात मासे साफ करण्याचा माझा वेग बघून सगळे गार झाले, त्याचं सगळं श्रेय आत्याच्या स्वयंपाकघराला. क्लब एका कॅमेऱ्यावर मॅच इंटरनेटवर दाखवायचा. त्यांची दुपार म्हणजे आपली संध्याकाळ, दिवेलागण झाली की आत्या रोशनचा फोन उशीला टेकवून बसायची. मध्यंतरानंतर ती उशी उचलून खोलीच्या दुसऱ्या भिंतीकडे जाऊन बसते, असं रोशननं मला कळवलं होतं. एकदा कप्तानानं विचारलं की मी पुढे गेलो की स्वतःशीच काय पुटपुटतो. मी सांगितलं. त्याला तो शब्द इतका आवडला की आमचा अख्खा बचाव "मगारी, मगारी" ओरडायला लागला. आर्क्टिकच्या वाऱ्यात आगरी बोली... मी आत्याला फोनवर ते ऐकवलं तेव्हा ती इतकी हसली की ठसका लागला.

मी कधी येणार हे फोनवर सगळे विचारायचे. बाबा, बायको, रोशन, मिलिंद. आत्यानं ते एकदाही विचारलं नाही. आज कुठली मासळी खाल्लीस, हवा कशी आहे, एवढंच. सीझन संपला, क्लबनं आणखी एका वर्षाबद्दल विचारलं. मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण तिचा तो न विचारलेला प्रश्न माझ्या कानात गुणगुणत होता. सप्टेंबरच्या शेवटी मी घरी आलो. आत्या अंगणात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. ओवाळून टाकलं आणि म्हणाली, डावा पाय आधी. मग माझ्या तोंडावरून हात फिरवून तिनं स्वतःशीच म्हटल्यासारखं म्हटलं, "लांबून पन येतात मानसं."

त्यानंतर तिनं "लांब" हा शब्द वेगळ्या सुरात वापरायला सुरुवात केली. आमचा पोर लांब खेळून आला, हे ती प्रत्येक लग्नाच्या मांडवात सांगायची. मी खेळ सोडला, मुलींची टीम शिकवायला घेतली, तेव्हा खुर्ची पुन्हा मैदानावर आली. ती आता आमच्या डावीकडच्या बचावपटू पोरीच्या, आर्याच्या, बाजूला बसायची. पोरी तिला घाबरायच्या आणि तिच्याचसाठी धावायच्या.

परवा रविवारी कल्याणला मॅच होती. किटच्या गाडीतून पोरींनी न सांगता ती लाल खुर्ची उतरवली आणि रेघेला मांडली.  पहिला हाफ झाला, बाजू बदलल्या. मी खुर्ची उचलली, डोक्यावर घेतली आणि मैदान आडवं ओलांडून पलीकडे नेऊन ठेवली. रेफ्री कोवळा पोरगा होता, नवा, पण एक-दोनदा आमच्या मॅच घेतलेल्या. तो घड्याळ बघत थांबला होता. म्हणाला, "सर, आज आत्या नाही दिसल्या?"

मी म्हटलं, "गेली."

"कुठं?"

मी खुर्ची नीट टेकवली. मग तिचाच शब्द तोंडात आला. म्हटलं, "लांब."

"मग असू दे खुर्ची इथंच, येतील," तो म्हणाला आणि त्यानं शिट्टी वाजवली.